कमला सोहोनी कोण होत्या? नीरा, वाल आणि तांदळामागचं रसायनशास्त्र

१८ जून २०२३ ला तुम्ही फोनवर गुगल उघडलं असेल, तर नेहमीच्या अक्षरांच्या जागी एक डूडल दिसलं असेल. ते होतं डॉ. कमला सोहोनी यांच्या ११२ व्या जन्मदिवसाचं. बऱ्याच जणांनी ते पाहिलं, स्क्रीनशॉट काढला, स्टेटसला लावला आणि विसरून गेले. आज त्याच बाईंबद्दल जरा सविस्तर सांगणार आहे.

मी रायगडच्या किनाऱ्यावर राहते. आमच्याकडे माड, ताड, भात आणि वाल या चार गोष्टी कुणाला वेगळ्या दाखवाव्या लागत नाहीत. पण फोन उघडला की रील्समध्ये सुपरफूड म्हणून दिसतं ते चिया, किनोआ आणि हजार रुपयांचा प्रोटीनचा डबा. दारातल्या माडातून येणाऱ्या नीरेत काय असतं, वाल मोड आणून सोलूनच का शिजवायचे, उकडा तांदूळ खाणारी आजी शहाणी की अडाणी, हे कुठली रील सांगत नाही. कमलाबाईंनी याच गोष्टी प्रयोगशाळेत नेल्या. जीवनसत्त्वं, खनिजं, प्रथिनं हे शब्द शाळेत पाठ केलेले असतात. ते खरोखर समजून घ्यायचे असतील, तर माझ्या मते कमलाबाईंच्या आयुष्यातून गेलेलं बरं.

चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

रसायनशास्त्र घरातच होतं

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या ज्या संस्थेत शिकले तिला तेव्हा लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणायचे. आज आपण तिला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो. कमलाबाईंची बहीण म्हणजे दुर्गा भागवत. होय, त्याच दुर्गाबाई, ज्यांचं 'ऋतुचक्र' आपण वाचलंय आणि ज्या १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. एकाच घरातून एक बहीण साहित्यात गेली आणि दुसरी परीक्षानळीकडे.

१९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि नंबर पहिला. आता पुढे कुठे शिकायचं याचा विचार करायची गरजच नव्हती. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच जायचं. अर्ज गेला बंगळूरला.

बंगळूरचा नकार

त्या वर्षी संस्थेच्या संचालकपदावर नुकते आले होते सर सी. व्ही. रामन. १९३० चं नोबेल मिळालेले, देशातले सर्वांत नावाजलेले वैज्ञानिक. त्यांनी अर्ज नाकारला. कारण मार्कांचं नव्हतं. अर्जदार मुलगी होती, एवढंच.

कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचं कारण विचारलं. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ. आपणही हटायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं, काम पटलं तरच पुढे मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करावं लागणार होतं. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. पोरांचं लक्ष विचलित झालं तर दोष हिचा, असा त्याचा सरळ अर्थ. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातसुद्धा जाहीर कार्यक्रमात त्यांनी तो बोलून दाखवला.

त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवायला मनापासून तयार. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांचं समाधान झालं होतं, आणि त्यानंतर त्यांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. पूर्ण केलं. आज त्या संस्थेत बायोलॉजीच्या लॅबमध्ये मुली दिसतात ना, त्या वाटेवर सुरुवातीच्या काळात कोण चाललं होतं ते लक्षात ठेवा.

केंब्रिज, बटाटा आणि लोहाचा एक अणू

पुढे शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि १९३७ च्या डिसेंबरमध्ये कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये काम सुरू केलं. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं होतं, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी. म्हणजे जीवनसत्त्व हा विषय जिथे जन्मला आणि वाढला, तिथेच आपल्या कमलाबाई पोहोचल्या होत्या.

सुरुवातीला त्या डेरेक रिक्टर यांच्याबरोबर होत्या. जागेची टंचाई इतकी, की रिक्टर यांनी आपलं टेबल दिवसा कमलाबाईंना दिलं आणि स्वतः रात्री काम केलं. बंगळूरच्या अनुभवानंतर हे किती वेगळं वाटलं असेल, याची कल्पना करा. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींच्या पेशींवर काम करत होते. कमलाबाईंच्या वाट्याला आला बटाटा. आपल्या वड्यातला असतो तोच.

या बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. आता हे काय प्रकरण आहे?

फोनची बॅटरी चार्ज होते तेव्हा वायरमधून इलेक्ट्रॉन वाहतात. आपल्या पेशींमध्येही जवळपास तसंच चालतं. आपण भात खाल्ला, त्यातली साखर तुटली, की तिच्यातले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे दिले जातात. शाळेत आग विझवायच्या कवायतीत बादल्या हातोहात पुढे देतात, तसं. शेवटी हे इलेक्ट्रॉन आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. या वाटचालीत जी ऊर्जा सुटते, ती पेशी साठवते आणि वापरते. तुम्ही आत्ता स्क्रोल करताय त्या अंगठ्याची हालचालसुद्धा त्याच ऊर्जेवर चाललीय.

या रांगेतला एक हात म्हणजे सायटोक्रोम सी. छोटंसं प्रथिन आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एकच अणू. हा अणू एक इलेक्ट्रॉन घेतो, पुढे देऊन टाकतो, पुन्हा घेतो. दिवसरात्र, प्रत्येक पेशीत. प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींमध्ये या सायटोक्रोमचा बराच अभ्यास झाला होता. वनस्पतींच्या बाबतीत चित्र तितकं स्पष्ट नव्हतं. कमलाबाईंनी दाखवलं की वनस्पतीच्या पेशीसुद्धा श्वसनासाठी हेच प्रथिन वापरतात. माणूस, माड आणि बटाटा, आतली वायरिंग एकाच कंपनीची!

हे सगळं त्यांनी सुमारे १४ महिन्यांत केलं. प्रबंध फक्त ४० पानांचा. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच अमेरिकेत डी.एस्सी. मिळाली होती. ती पदवी वेगळी, म्हणून दोन्ही नावं लक्षात ठेवा.)

हा लोहाचा अणू तेवढा डोक्यात असू द्या, कारण तो पुढे परत येणार आहे.

कुन्नूर आणि आजीचा उकडा तांदूळ

परदेशात राहून संशोधन करता आलं असतं. पण कमलाबाई १९३९ मध्येच परत आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. तिथे काम होतं जीवनसत्त्वांच्या परिणामांवर. ही प्रयोगशाळा १९१८ मध्ये सुरू झाली ती बेरीबेरी या आजाराच्या चौकशीसाठी. पुढे १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि तिचीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

बेरीबेरीची गोष्ट तांदूळ खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. पाय सुजतात, नसा कमकुवत होतात, हृदय थकतं. जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरांच्या लक्षात आलं की पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या अशाच लुळ्या पडतात, आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. हॉपकिन्स यांच्याबरोबर नोबेल वाटून घेणारे ते हेच. कोंड्यात जे होतं, ते म्हणजे जीवनसत्त्व ब-१, थायमिन.

आता आपल्या किनाऱ्यावर या. उकडा तांदूळ म्हणजे भात आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेला. भिजताना आणि वाफवताना कोंड्यातलं पाण्यात विरघळणारं थायमिन दाण्याच्या आत शिरतं. नंतर कोंडा गेला तरी त्यातलं बरंचसं आतच राहतं. आजीला थायमिन हा शब्द माहीत नव्हता, पण तिच्या पेजेत ते होतं. उलट, आपण तांदूळ चार-चार वेळा खसाखसा धुतो आणि जास्तीचं पाणी ओतून देतो, तेव्हा थायमिन मोरीत जातं. पेज पिणाऱ्यांना गरीब समजायची पद्धत आहे आपल्याकडे. रसायनशास्त्राचं मत वेगळं आहे.

इथे एक मुद्दा स्पष्ट करते. जीवनसत्त्व हा एक रेणू असतो, अनेक अणूंची जुळणी. उष्णता, उजेड, हवा लागली की ती जुळणी मोडू शकते. खनिज म्हणजे लोह, कॅल्शियम, जस्त यांसारखी मूलद्रव्यं. ती उकळून नष्ट होत नाहीत. पाण्याबरोबर वाहून जातील, किंवा पोटात दुसऱ्या कशाला तरी चिकटून बसतील, पण जळणार नाहीत. भाजीचं काय टिकलं नि काय गेलं, याचा अंदाज एवढ्या एका फरकावरून बांधता येतो.

वाल कच्चे का खायचे नाहीत?

१९४७ मध्ये कमलाबाईंचं एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते विमागणितज्ञ होते. त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलात, तर तिथून ही इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्या किनाऱ्यावरून रोज किती माणसं तिच्यावरून जातात, पण आत काय घडलं होतं ते बहुतेकांना ठाऊक नसतं.

आत घडत होतं ते असं. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी गरीब माणूस रोज खातो तेच अन्न तपासत होते. कडधान्यं, भाज्या, भाताचं पीठ. १९५० च्या दशकात या गटाने भारतीय अन्नपदार्थांमधल्या ट्रिप्सिन रोखणाऱ्या घटकांवर शोधनिबंध लिहिले, आणि त्यात एक महत्त्वाचं पात्र होतं वाल.

ट्रिप्सिन म्हणजे आपल्या लहान आतड्यात प्रथिनं कापणारी कात्री. सुक्या वालात १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे चांगलीच. पण कच्च्या वालात अशीही काही प्रथिनं असतात जी या कात्रीच्या पात्यात जाऊन अडकतात. कात्री जाम झाली की बाकीची प्रथिनं न कापता तशीच पुढे जातात. झाडाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. बी म्हणजे त्याचं पोर, ते किड्यांनी आणि जनावरांनी सहज पचवू नये म्हणून ही व्यवस्था. सोयाबीनचंही असंच. कच्चं सोयाबीन खाणारे प्रयोगातले उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेलं खाणारे वाढतात, हे १९१७ मध्येच दिसलं होतं.

उपाय एकच, उष्णता. शिजवताना या अडथळा आणणाऱ्या प्रथिनांची घडी उलगडते. कुलूपात बसणारी किल्ली वितळून जावी तसं. मग ती कात्रीत अडकूच शकत नाहीत.

आता आमच्याकडचं बिरडं बघा. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, मग शिजवायचे. यातली प्रत्येक पायरी रसायनशास्त्रात बसते. कडधान्यांत फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. मोड येताना बियाणं स्वतःच ते फोडायला लागतं, कारण त्यातलं फॉस्फरस कोंबाला हवं असतं. सालीबरोबर तुरट टॅनिन बरंच जातं. आणि शिजवल्यावर ट्रिप्सिनचा अडथळा संपतो. थंडीत शेतावर लावतो त्या पोपटीतही तेच घडतं. भांबुर्ड्याचा पाला घातलेलं मडकं, आत वालाच्या शेंगा, वरून आग. ताज्या शेंगांना मोड आणायचा प्रश्न नाही, पण बंद मडक्यातली वाफ आपलं काम चोख करते.

अजून एक. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं. ते वालात भरपूर असतं. वालात मेथिओनिन कमी, ते तांदळात त्या मानाने बरं. म्हणून डाळिंब्यांची खिचडी हा पदार्थ दोघांची उणीव भरून काढतो. जिमवाल्या मित्राला हे नक्की पाठवा.

नीरा: ज्या कामासाठी राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं

आता मुख्य गोष्टीकडे. कमलाबाईंचं सर्वांत गाजलेलं काम नीरेवरचं. सुचवलं होतं तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी.

नीरा म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. माडाची किंवा ताडाची पोय कापून तिला मडकं बांधतात. रात्रभर त्यातून गोड रस ठिबकतो. झाड आपल्या फुलाफळांसाठी पाठवत असलेलं हे अन्न, त्यात साधारण १० ते १५ टक्के साखर. पहाटे उतरवून लगेच प्यायली तर ती नीरा. ऊन चढलं की हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट साखर खायला लागतं, अल्कोहोल बनतं आणि तिचीच माडी किंवा ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावायची पद्धत आहे. चुन्यामुळे रस अल्कधर्मी होतो आणि यीस्टचं काम मंदावतं. थंडीही तेच करते. म्हणून नीरा केंद्रावर ती गारच ठेवलेली असते.

नीरेकडे बघायची आपली नजर मात्र माडीमुळे बिघडलेली. झाडावरून उतरलेलं मडकं म्हणजे दारू, हा पहिला विचार. कमलाबाईंनी मडकं प्रयोगशाळेत नेलं. त्यांच्या अभ्यासात नीरेमध्ये जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व क आणि लोह चांगल्या प्रमाणात आढळलं. पुढच्या अभ्यासांत हे घटक नीरेपासून केलेल्या गुळात आणि काकवीतही टिकतात असं दिसलं. लोहाचं टिकणं समजायला सोपं आहे, वर सांगितलं तसं, मूलद्रव्य उकळून जात नाही.

पण कमलाबाई तिथे थांबल्या नाहीत. बाटलीत जीवनसत्त्व आहे एवढं दाखवून कुणाचं पोट भरत नाही. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिली, तेव्हा त्यांच्या तब्येतीत लक्षणीय सुधारणा झाली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

आता तो लोहाचा अणू परत आणूया. भाजी, कडधान्य, गूळ यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. ते ज्या रूपात असतं, ते आतड्यात गाळासारखं बसतं. जीवनसत्त्व क त्याला एक इलेक्ट्रॉन देतं, दुसऱ्या रूपात आणतं आणि विरघळलेलं ठेवतं. मग ते रक्तात जाऊ शकतं. म्हणजे एकाच पेल्यात लोह आणि क एकत्र असणं हे फार कामाचं. तिथून पुढे ते लोह हिमोग्लोबिनमध्ये बसून ऑक्सिजन वाहतं, किंवा सायटोक्रोममध्ये बसून इलेक्ट्रॉन पुढे देतं. केंब्रिजच्या बटाट्यात जो अणू कमलाबाईंनी पाहिला, तोच पुढे नीरेच्या मडक्यात त्या शोधत होत्या. दोन वेगळे विषय वाटतात, पण धागा एकच.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमधली एकीहून जास्त. जिना चढताना दम लागणं, अभ्यासाला बसलं की डोकं जड होणं, सतत थकवा, याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो पेशीतल्या वायरिंगला लोह कमी पडण्याचा परिणाम असतो. आमच्या किनाऱ्यामागच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. तिथल्या बायकांसाठी हा आकडा म्हणजे रोजचं जगणं.

एक सावधगिरीही सांगते. नीरेत साखर आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. आणि नीरा प्यायल्याने रक्तक्षय बरा होतो असा कुणी फॉरवर्ड पाठवला, तर तो पुढे ढकलू नका. ती आहाराचा भाग आहे, लोहाच्या गोळीची जागा घेणारी नाही.

निवृत्तीनंतर मोर्चा बाजाराकडे

पुढे कमलाबाई इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. हे पदही सहज मिळालं नाही, पात्रता असून थांबावं लागलं. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेसाठी सल्ला दिला.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था सुरू केली. त्यातल्या एक कमलाबाई. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षही होत्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहायच्या. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई दुकानातल्या पुड्यात काय भरलंय यावर लिहिते, हे मला त्यांच्या पदव्यांइतकंच मोठं वाटतं. कारण अन्नातलं रसायनशास्त्र शेवटी पोचायचं असतं ते स्वयंपाकघरात.

जून १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि २८ जूनला गेल्या. वय ८७.

मग आपण काय करायचं?

कमलाबाईंची पद्धत फोनवाल्या पिढीलाही जमण्यासारखी आहे. मी स्वतः पाळते त्या गोष्टी सांगते:

१. पाकीट उलटं करा. पुढचं चित्र न बघता मागचा पोषणाचा तक्ता बघा, आणि १०० ग्रॅममागचे आकडे पाहून दोन वस्तूंची तुलना करा.

२. उसळीवर लिंबू पिळा. शिजवून झाल्यावर, म्हणजे क जीवनसत्त्व उष्णतेने जाणार नाही आणि लोहाच्या मदतीला येईल.

३. जेवताना चहा नको. त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. तासाभराचं अंतर ठेवा.

४. वाल, राजमा, सोयाबीन कधीही कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नका. सॅलडवर नुसते मोड आलेले वाल टाकणारी रील दिसली तर सरळ पुढे जा.

५. हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. आईचीही करून घ्या. ती स्वतःहून सांगणार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आमच्याकडे घरोघरी सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी बाईच असते. गरज तिची जास्त आणि वाटा तिचा कमी. कमलाबाईंना लॅबच्या दारात अडवलं ते मुलगी म्हणून, आणि ताटात कमी पडतं तेही त्याच कारणाने. पहिलं दार त्यांनी उघडलं. दुसरं उघडायला नोबेलवाल्यांची परवानगी लागत नाही. आज रात्री ताटं वाढताना उसळीचा पहिला डाव कुणाच्या ताटात पडतो, तेवढं बघा.